खोट्या वाऱ्याचे चार दिवस

३ डिसेंबर
वही मिळाली. अश्विनीनं स्वतः चौफुल्याला येऊन दिली. पुण्याहून घरी शिरूरला चालली होती. शिरूरचा सरळ रस्ता नगर रोडनं. तो सोडून ती सोलापूर रोडनं आली, चौफुल्याला उतरली, वीस मिनिटं थांबली, मग न्हावऱ्याकडून पुढं गेली. यातून काही समजायचं नाही असं ठरवलंय. ठरवून काय उपयोग.

काम असं. रोज स. ८ आणि दु. ४, रानाच्या बांधावर एकाच दगडावर उभं राहायचं. तीन खुणा. आमच्या खुटबावची पाण्याची टाकी जवळची, केडगावच्या अंगाचा मोबाईल टॉवर मधली, भुलेश्वराचा डोंगर लांबची. कुठली दिसते, कुठली नाही. वारा कुठला. जवळपास कुणी काही जाळतंय का. बस एवढंच. दर रविवारी पानांचे फोटो काढून तिला पाठवायचे. तिच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला पाहिजे. पुण्याची घाण वाऱ्यानं पूर्वेला कुठवर येते, आणि इथल्या माणसाला लांबचं दिसायचं कसं बंद होतं. दुसरी वही शिरूरला, तिच्या मामांकडं.

म्हणाली, "सोम्या, तुझ्याशिवाय कोण रोज उठून डोंगर बघणार?"

म्हणजे रिकामटेकडा. कळतं मला. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला असलीच कामं मिळतात. तरी घेतली वही. तिच्या हाताचा वास होता पुठ्ठ्याला. (ही माझी डायरी, तिची वही नाही. म्हणून राहू दे.)

४ डिसें.
स. ८. टाकी आहे. टॉवर पुसट. डोंगर नाही. वारा प.
नाही म्हणजे नाहीच. एवढा मोठा डोंगर, आणि त्या जागी मळकट फडकं टांगल्यासारखं. आमचे पणजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा दिशा चुकली की हा डोंगर बघायचे. आता निघाले असते तर मेंढरं घेऊन थेट हायवेवर पोचले असते.
दु. ४. तेच. सूर्याकडं टक लावून बघितलं, डोळ्याला पाणीसुद्धा आलं नाही. दुपारी चारचा सूर्य आहे का हा? जुन्या गाडीचा दिवा बरा.

६ डिसें.
सलग तिसरा दिवस. डोंगर नाही. आई म्हणाली, "काय लिवतो रं रोज?" सांगितलं. हसली. "आरं ही धुई हाय. पुण्याचं नाव कशापायी घेतो?"

डोकं फिरलं. म्हटलं, आई, तुला काय कळतंय यातलं. ती वाद घालत बसत नाही. कांद्याच्या वाफ्यात गेली, एक पात दोन बोटांत धरून बुडख्यापासून शेंड्यापर्यंत ओढली. बोटं माझ्या तोंडासमोर धरली. कोरडी. वर काळपट.

"धुई पडली असती तर पात वली लागली असती. आज न्हाई लागली. धूरच हाय ह्यो. तू म्हंतो त्ये खरं."

ती हे रोज सकाळी करते. पात ओली निघाली की करप्याची फवारणी, कोरडी निघाली की नाही. तेवीस वर्षांचा घोडा झालो, एकाच रानात उभा, मला माहीत नव्हतं. स्वतःचाच राग आला. मग म्हटलं राग पुण्यावर ठेवू, तिकडं जागा जास्त आहे.

८ डिसें.
अ.चा फोन. पातीचं सांगितलं. आधी हसली. मग, "थांब थांब, लिहून घेते." त्यांच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र एकच, तेही पुण्यात. इथं धुकं कुठलं आणि धूर कुठला हे कसं ओळखायचं यावर ती महिनाभर अडली होती म्हणे. वहीत कॉलम वाढवायचा : पात ओली / कोरडी.
तिच्या सरांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या संशोधकाची? तिनं आईचं नाव सांगितलं. सर हसले.
हसू दे. एकदा ये म्हणावं वाफ्यात, पायजमा वर करून.

१२ डिसें.
पिकअप भरून कांदा पुण्याला टाकला. गाडी आप्पांची, म्हणजे चुलत्यांची. चालवतो मी. येताना यवतला ढाब्यावर थांबलो. शेजारच्या टेबलाला पुण्याची मंडळी, मोठी गाडी. त्यातला एक बायकोला सांगतोय, "हे लोक उसाचं पाचट जाळतात ना, म्हणून आपल्याकडं हवा खराब."

म्हटलं, "साहेब, जरा बाहेर येऊन वारा बघा. तिकडनं इकडं वाहतोय. तुमचं आम्ही खातोय."
"तू शिकवणार मला?"
"व्हय. मीच शिकवणार."

कॉलर कधी धरली आठवत नाही. ढाबेवाले मामा मधे पडले. "सोमनाथ, सोड! गिऱ्हाईक हाय त्ये!" सोडली. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, आमच्यात कोण काय जाळत न्हाई, आमच्या डोंगराचा खून तुम्ही केलाय.
पोरं टाळ्या वाजवायला लागली. बरं वाटलं. अ.ला कळवलं. तिनं फक्त एवढंच पाठवलं : "पुरावा वहीत गोळा कर, ढाब्यावर नको."

१९ डिसें.
स. ८. वारा पू. दौंडकडून, स्वच्छ, गार. म्हटलं आज दिसणार. अशा वाऱ्याला तीन दिवसांपूर्वी दिसला होता, अख्खा.
नाही दिसला. पात कोरडी. दगडावरून नीट बघितलं तर यवतच्या अंगाला आप्पांच्या गुऱ्हाळाची चिमणी, आणि तिच्यातून धूर आडवा, बरोबर माझ्या आणि डोंगराच्या मधे. चिपाडाचा धूर पांढुरका असतो. हा काळा.
गेलो. चुलवाणाशी, काहिलीखालच्या भट्टीशी, पोतीच्या पोती रचलेली. चपलांचे तळवे, प्लास्टिकच्या पट्ट्या, चिंध्या. पुण्याहून टेम्पो येऊन टाकून जातो. चुलवाणावरचा भैय्या तोंडाला गमछा बांधून फावड्यानं आत लोटतोय.

"आप्पा, ह्ये काय?"
"चिपाड वलं हाय. ह्ये टाकल्याबिगर काहील उकळत न्हाई."
"विष हाय ह्ये आप्पा. वर गूळ शिजतोय."
"तू कवापास्नं साहेब झाला? कॉलेज सोडून घरी बसला तवा पिकअपची चावी कुणी दिली?"

ढाब्यावरचं ओरडणं आठवलं. आमच्यात कोण काय जाळत न्हाई.
घरी आलो. वही उघडली. वारा : प. स्थानिक धूर : नाही.
लिहून टाकलं. कचरा पुण्याचा आहे. मग धूरही पुण्याचाच की. खोटं कुठंय यात?

२२ डिसें.
वारा पू. चुलवाण पेटलेलं. डोंगर नाही. वहीत प.

२९ डिसें.
परत. २५ लाही केलं होतं, हे चौथं. पहिल्या वेळी हात अडखळला होता, आज सरळ गेला. अक्षरही चांगलं आलं.

६ जाने.
काल दुपारी अवकाळी पाऊस झोडपून गेला. कांद्याचं नुकसान, आई पहाटेपासून वाफ्यात. पण आज स. ८ ला दगडावर चढलो आणि
काय सांगू. डोंगर अंगावर आल्यासारखा. उतारावरच्या घळी, देवळाकडं चढणारा रस्ता, त्यावरून जाणाऱ्या गाडीची काच चमकली तीसुद्धा. फोटो काढला. फोटोत काही येत नाही. मग अ.ला फोन लावला.

म्हणाली, "काय काय दिसतंय सांग. घाई करू नको."
सांगत गेलो. डावीकडून उजवीकडं. शेवटी म्हणाली, "मी होस्टेलच्या गच्चीवर आहे. मला समोरची इमारत दिसते. तिच्यामागं काय आहे ते दोन वर्षांत मला माहीत नाही."
ये मग इकडं, म्हणणार होतो. म्हणालो, "नोंद करतो, आठ वाजून गेले." गाढव.

१८ जाने.
अ.नं आलेखाचा फोटो पाठवला. मधे पंधरा दिवस गुऱ्हाळ बंद होतं, चिमणी गार. तरीही वारा प. असला की डोंगर गायब, वारा पू. झाला की हजर. म्हणजे माझं खरंच होतं! पुण्याचंच आहे हे. त्या चार दिवसांची गरजच नव्हती.
ती खूश. "सोम्या, तुझी वही सगळ्यात सरळ. एकही दिवस वाकडा नाही. सर म्हणतात थेट बैठकीत ठेवू." पुण्यात हवेवरून बैठक आहे, तिथं शहराचे अधिकारी येणार. खालच्या अंगाच्या गावांचं तिथं कुणी कधी मांडलेलं नाही. ती मांडणार. पंधरा मिनिटं मिळालीत.
एकही दिवस वाकडा नाही. जेवण गेलं नाही.

२५ जाने.
फोन. "अरे, चार दिवसांचा घोळ आहे. मामांच्या वहीत वारा पूर्वेचा, तुझ्यात पश्चिमेचा. एवढा फरक पडणार नाही खुटबाव-शिरूरमध्ये. मामांचं वय झालंय. त्यांचे ते चार दिवस मी गाळते."
मी काय म्हणालो? "बरं," म्हणालो.
बरं!

हे कुठंतरी लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो. एस.वाय.ला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझी रीडिंग जरा जास्तच बरोबर आली म्हणून सरांनी सगळ्यांसमोर जर्नल उचललं. "घरी पाटावर बसून लिहिलंस की गाईडातून उतरवलंस?" वर्ग हसला. मी घेतली होती ती रीडिंग. दोन तास उभं राहून. जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो, परत गेलो नाही. त्या वर्गात एकच जण हसला नव्हता. ती.
तिनं तेव्हा विश्वास ठेवला, आताही ठेवतेय. आणि मी एका म्हाताऱ्याला खोटं पाडून बसलोय.

२७ जाने.
पारगावचा पूल, न्हावरा, शिरूर. मित्राची मोटारसायकल फाडून नेली. अ.च्या मामांना भेटलो. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. वर पत्र्याच्या खोलीत राहतात. मनात होतं की सगळं सांगून टाकू. अजून आत कुठंतरी हेही होतं की त्यांची वही बघू, एखादी चूक सापडली तर

"या या. खुटबावचं स्टेशन तुम्हीच ना? बसा. च्या घेणार का पाणी?"

वही स्वतःच पुढं केली. गच्चीवर काठीला साडीची चिंधी बांधलीय, तिच्यावरून वारा बघतात. वही वाचली. मधे मधे असं : "आज ताप. पाहिलं नाही." "नातीचं बारसं. पाहिलं नाही." "उठायला उशीर. पाहिलं नाही." दोन महिन्यांत असे नऊ दिवस. माझ्या वहीत एकही रिकामा दिवस नाही, पिकअप घेऊन पुण्यात होतो ते दिवससुद्धा भरलेत, आईला विचारून. तेवढे तरी खरे असतील. तिचे डोळे खोटं बोलत नाहीत.

विचारलं, "मामा, ड्युटीवर असताना वेबिलात, तिकिटांच्या हिशोबात, चुकीचं लिवलं गेलं तर काय करायचा?"
"खाडाखोड न्हाई. पान फाडायचं तर न्हाईच. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे अशी. बाजूला खरं लिवायचं. सही. मग डेपोत गेल्यावर स्वतःच दाखवायचं, त्यांनी धरायच्या आत." माझ्याकडं बघितलं. "किती दिवस चुकल्यात?"
"चार."
"पूर्वेचा होता ना वारा?"
"व्हय."
"वाटलंच मला. अश्विनी म्हणाली मामा, तुमचं वय झालं. मी म्हटलं आसंल बाई."
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. हे असलं सहन होत नाही.

२८ जाने.
चारही दिवसांवर एक एक रेघ. बाजूला : वारा पू. स्थानिक धूर : आहे, गुऱ्हाळ, चुलवाणात चपला व प्लास्टिक. सही. पानांचे फोटो अ.ला पाठवले. खाली फक्त लिहिलं, "मामा बरोबर. मी खोटा."
दोन निळ्या खुणा आल्या.

३१ जाने.
आज आला फोन. सोम्या नाही म्हणाली. सोमनाथ.
"सोमनाथ, मी मामांना तोंडावर म्हणाले की तुमचं वय झालं."
"चुकलं."
"तुला पुण्यावर राग आहे ना? मग ऐक. पुण्याला तू वाचवलंस. बैठकीत कुणी पहिला प्रश्न विचारेल तो हाच, तुमचा माणूस नोंदी कशा घेतो? आता मी काय सांगू? बाकीच्या चांगल्या नोंदी पण गेल्या. सर म्हणाले वही बाहेर."
"बाकीच्या खऱ्या आहेत."
"कशावरून?"

कशावरून. बाहेर आलो, पिकअपच्या टायरला लाथा घातल्या. अंगठ्याचं नख गेलं. समोर चारचा सूर्य, तसाच मेलेला. तो धूर खरा आहे, हे मी छातीठोक सांगू शकत होतो, आणि मीच छाती फोडून ठेवली.

४ फेब्रु.
आप्पांना कुणीतरी सांगितलं की मी गुऱ्हाळाचं वहीत लिहिलंय. दारात येऊन उभे राहिले.
"घरच्या माणसाचं नाव लिवलं?"
"नाव न्हाई लिवलं. गुऱ्हाळ लिवलं."
"आसपास दुसरं कुणाचं हाय? चावी ठिव."
ठेवली. आई मधे म्हणाली, "भावजी, त्या धुरानं माझी पात काळी पडती, त्येबी लिवायचं ऱ्हायलंय." आप्पा गेले. मागं वळून म्हणाले, "मायलेकरं मिळून गाव बदनाम करा."
हायवेवर आडव्या येणाऱ्या पुण्यावर ओरडणं सोपं होतं. चुलत्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं नाही.
नोंदी चालू आहेत. कुणी मागितल्या नाहीत तरी. आज गावात कीर्तनाचं जेवण होतं, वाढायला गेलो, दु. ४ हुकला. लिहिलं : पाहिलं नाही.

९ फेब्रु.
स. पावणेआठ. मी दगडाकडं निघालो तर दगडावर कुणीतरी आधीच उभं. अ.
कशी आली, कुणाबरोबर आली, विचारायची हिंमत झाली नाही. बैठक परवा आहे. पाठीला सॅक, पायात चिखल. मला बघून खाली उतरली नाही. "वही दे," म्हणाली. "आणि बोलू नकोस. कुठं काय आहे ते मला सांगायचं नाही. मी बघणार."

दिली. बांधाखाली उभा राहिलो, शाळेत अंगठे धरून उभं करतात तसा. आई आली चहा घेऊन.
"ह्यानं काय केलं गं बाई?"
"रीडिंग चुकवलं मावशी."
"मग परत घ्यायला लाव की. त्याला दुसरं काम काय हाय आता?"
अ.ला हसू आलं असावं. पाठमोरी होती, खांदे हलले. कदाचित खोकली असेल.

बराच वेळ बघत राहिली. टाकी, टॉवर, मग लांब. मग वाफ्यात उतरून बोटं ओढली, आईसारखी. मग लिहिलं. सगळं आठ ओळींत. वही माझ्याकडं न फिरवता बंद केली आणि सॅकमध्ये घातली.

"बैठकीत नेणार?"
"माझी नोंद आणि तुझी जुळते का बघते आधी. आज तू घेतलीस ना?"
"तू बोलू नको म्हणालीस."
"घ्यायला नाही म्हणाले नाही."

खिशात पावतीचा कागद होता. त्याच्या पाठीवर मी लिहिलं होतं, बांधाखाली उभा राहून. दिला. तिनं वाचला नाही, घडी करून वहीत ठेवला. सर ठरवतील, ती म्हणाली. मग म्हणाली, मीही. चौफुल्याला सोडू का विचारलं तर, "चावी तर गेली ना तुझी." आईनं सांगितलं असणार. चालत गेली, केडगावच्या रस्त्यानं. मी बांधावरून बघत होतो. टॉवर दिसतो तेवढ्या लांबवर माणूस दिसत नाही, वळणालाच दिसेनाशी झाली.

दु. ४. वारा फिरला, प. गुऱ्हाळ बंद. डोंगराचा पाया गेला, माथा उरला, नुसता हवेत. ज्यात लिहायचं ते तिच्याकडं. इथं लिहितोय, पण इथलं कोण धरणार.
फोन लावला. तिनं उचलला. मागं गाडीचा घरघराट. मी म्हणालो, "चारची नोंद. माथा आहे, पाया नाही. वारा पश्चिमेचा. खरा पश्चिमेचा."
सॅकची चेन ओढल्याचा आवाज आला. फोन तिनं ठेवला नाही. मी थांबलो. घरघराट ऐकत राहिलो. मग फोन गेला. रेंज गेली का तिनं ठेवला, कळलं नाही.